भुऱ्याच्या गळ्यातलं घुंगरू

हुकमचंद शेठला निवांत बसलेलं पाहिलंय, असं छातीवर हात ठेवून सांगणारा माणूस मला जाफराबादेत अजून भेटायचाय. मी त्यांच्या कापसाच्या अडतीवर मुनीम होतो. दिवसभर त्यांच्या गादीशेजारी माझी बैठक असायची आणि गादी बहुतेक वेळ रिकामीच असायची. शेठ दारात, शेठ काट्यापाशी, शेठ समोरच्या दुकानात. जेवायला बसले तरी एक पाय उंबऱ्याकडे वळलेला. गाडीवान बैल सोडतोय तोवर हे गाडीभोवती चार चकरा मारून यायचे आणि वर मलाच विचारायचे, "रामकिसन, इतका वेळ काय करून राह्यलास?"

दुसरी खोड भाव विचारायची. वस्तू घ्यायची असो नसो, एकाचा भाव ऐकून यांचं समाधान नाही. तिघांना विचारणार, मग पहिल्याकडे परत जाणार. एकदा त्यांच्या डोक्यात कळ आली, तर दोन वैद्यांकडे काढ्याची किंमत विचारून येईतो डोकं आपसूक थांबलं. गाव हसायचं. मीही हसायचो, पण बाहेरच्या कुणी हसलेलं मला खपायचं नाही.

या माणसाला जागेवर उभं करायची ताकद एकाच व्यक्तीत होती. त्यांची आई, धापूबाई. सगळा बाजार त्यांना माजी म्हणायचा. बारीक अंगकाठी, पांढरं लुगडं, आवाज मात्र खणखणीत. जैन घरातली विधवा बाई. सूर्य मावळला की पाण्याचा थेंबही तोंडात घालायची नाही. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. माणूस दारात उभा राहिला तर उजेड अडला एवढंच त्यांना कळायचं.

शेठ त्यांच्या मागे लागून थकले होते. जालन्याला हिवाळ्यात डोळ्यांचं शिबिर भरायचं, मोठ्या गावचे डॉक्टर यायचे, मोतीबिंदू काढून द्यायचे. माजींचं उत्तर ठरलेलं. त्यांची धाकटी बहीण जमनाबाई हिच्या डोळ्यात फार वर्षांपूर्वी एका फिरत्या वैदूने सुई घातली होती. होतं ते दिसणंही गेलं. "डोळ्याला लोखंड लागलं की डोळा गेला," माजी म्हणायच्या. "मला उजेड दिसतो, तेवढा पुरे. आन् मला वाट दाखवायला भुऱ्या हाये."

भुऱ्या म्हणजे कुत्रा. आमच्याच अडतीमागे, सरकीच्या ढिगाआड जन्मलेला. त्याची भावंडं कुठे पांगली देव जाणे, हा राहिला. शेठला कुत्र्यामांजराचं प्रेम नव्हतं. माजींना विचारलं तर त्या म्हणायच्या, "मी कुठं पाळला? तो येतो, मी पोळी टाकते." पण ताकात कुस्करलेली पोळी त्याला मिळाल्याशिवाय त्यांच्या घशाखाली घास उतरायचा नाही. रोज सकाळी त्या स्थानकात जायच्या. एस.टी.चं नव्हे, जैनांचं स्थानक. तिथे साध्वीजींचं प्रवचन असायचं. भुऱ्या पुढे, माजी मागे. त्याच्या गळ्यात त्यांनी एक पितळी घुंगरू बांधलं होतं. घुंगरू थांबलं की समोर बैलगाडी आहे, घुंगरू वळलं की गल्ली आली. प्रवचन होईतो तो पायरीपाशी पडून राहायचा. वर्षाचंसुद्धा नव्हतं ते जनावर, पण सुनेने धरावा तसा त्याने माजींचा हात धरला होता.

सत्तावन्न सालचा दसरा नुकताच झाला होता, पहिल्या वेचणीचा कापूस यायला लागला होता. एका सकाळी भुऱ्या माजींना घेऊन परत आला आणि मला त्याच्या डाव्या डोळ्यात काहीतरी लाल दिसलं. नाकाकडच्या कोपऱ्यात, पिकल्या बोराएवढी गाठ. ओली, चकचकीत. तो पंजाने डोळा चोळत होता.

मी बोलायला नको होतं, पण तोंडातून निघून गेलं, "अरे, हे काय झालं याच्या डोळ्याला?"

माजींनी तिथेच ओट्यावर बसकण मारली, त्याचं तोंड मांडीवर घेतलं आणि बोटाने हलकेच चाचपलं. बोट गाठीला लागताच त्यांचा चेहरा उतरला. "हुकम!" त्यांनी हाक मारली. "ह्याचा डोळा चालला बघ."

शेठ काट्यावरून धावत आले. त्यांनी कुत्र्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं आणि त्यांच्यातला व्यापारी जागा झाला. तो क्षण मला अजून दिसतो. ते आईला म्हणाले, "बाई, ह्याचा डोळा मी बरा करून दाखवला, तर तू शिबिरात चालशील?"

माजींनी भुऱ्याच्या मानेवरून हात फिरवला. मग म्हणाल्या, "डोळ्याला लोखंड लावून डोळा राहतो, हे मला ह्याच्यावर दाखव. मंग मी बसते."

"शब्द?"

"पचखाण," माजी म्हणाल्या. पचखाण म्हणजे जैन माणसाने घेतलेली शपथ. ती मोडत नाहीत. शेठचे डोळे लकाकले. दोन वर्षं ज्या गोष्टीसाठी ते आईच्या विनवण्या करत होते, ती आता एका कुत्र्याच्या डोळ्यावर येऊन ठेपली होती. आणि शिबिर पौषात होतं.

झालं! आधीच धड न बसणारा माणूस, त्याला आता पायात भिंगरीच लागली. कापसाचा ऐन हंगाम, दारात गाड्यांची रांग, आणि शेठ येणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याला कापसाच्या आधी विचारायचे, "कुत्र्याच्या डोळ्यात लाल गाठ आली तर तुमच्याकडं काय करतात? खर्चा काय येतो?" लोक चक्रावून माझ्याकडे बघायचे. मी मान खाली घालून काट्याची वजनं पुसायचो.

एकाने हळदीचं पाणी सांगितलं. एकाने पिंपळगाव रेणुकाईच्या देवीला नारळ बोलायला सांगितलं. शेठने हळदीचं पाणी घातलं आणि जैन असूनही नारळ पाठवून दिला. गाठ तशीच.

मग मल्हारी धनगर आला. तो दरवर्षी आपली मेंढरं घेऊन शेठच्या वावरात बसवायचा. मेंढरांचं लेंडीखत वावराला, धान्य मल्हारीला, असा रिवाज. जनावराच्या दुखण्याला त्याचा हात चांगला. तो म्हणाला, "शेठ, घाबरायचं काम न्हाई. रगत पिऊन टरारलेला गोचीड हाय तो. आमच्या मेंढरायला रोजच लागतेत." आणि आम्ही काही म्हणायच्या आत त्याने गाठ चिमटीत धरून ओढली. भुऱ्या असा केकाटला की समोरच्या दुकानातले लोक उभे राहिले, आणि त्याने मल्हारीचा अंगठा फोडला.

"गोचीड न्हाई हा," मल्हारी अंगठा चोखत म्हणाला. "मस हाय. घोड्याच्या शेपटीचा केस बांधतो, आपोआप गळून पडंल. न्हाईतर कानशिलावर डाग देऊ. विळा तापवायचा, एकदाच टेकवायचा. एका भाकरीच्या वर काय घेत न्हाई मी."

शेठ लगेच, "केसाला किती दिस लागतेत? आन् डागाला?"

"हुकम," माजी आतून म्हणाल्या, "त्याला आग लावलीस तर मी अन्न सोडीन." डाग द्यायचं बारगळलं. केस बांधायचा एकदा प्रयत्न झाला, तर भुऱ्याने पंजा मारून तो तोडला. मल्हारीने हात जोडले. "ही गाठ निराळीच हाय शेठ. डोळ्याच्या आतून निघालेली. म्या हात लावायचा न्हाई."

आणि तेवढ्यात उजव्या डोळ्यातही तशीच गाठ आली. दोन्हीकडून पाणी, चिकटा. तरी भुऱ्या माजींना घेऊन स्थानकात जायचा, पण आता मधेच थांबून डोळे चोळायचा. एकदा तो असा थांबला आणि मागून येणाऱ्या माजी त्याच्यावर अडखळून पडल्या. गुडघा सोलला. त्या दिवशी शेठ माझ्यावर, गड्यांवर, काट्यावर, सगळ्यांवर ओरडले. ओरडणं रागाचं नव्हतं, भीतीचं होतं.

दुसऱ्या दिवशी जालन्याच्या जिनिंगला कापसाचा ट्रक निघाला. एस.टी.वाला कुत्रं घेईना, म्हणून कापसाच्या डोंगरावर शेठ, शेठच्या जुन्या धोतरात गुंडाळलेला भुऱ्या, आणि दोघांना धरून मी. वाटभर शेठ ड्रायव्हरच्या टपावर थापा मारत होते, "जल्दी चल रे!" जालन्याला पोचलो तेव्हा आम्ही तिघंही कापसाच्या बोंडासारखे पांढरे झालो होतो.

ढोरांच्या दवाखान्यातला डॉक्टर चाळिशीचा, शांत माणूस होता. त्याने भुऱ्याची पापणी उलटवून नीट पाहिलं. म्हणाला, "कुत्र्याला डोळ्याच्या कोपऱ्यात आतून तिसरी पापणी असते. तिच्या बुडाशी एक गाठ असते, डोळा ओला ठेवणारी. याची ती गाठ जागेवरून निसटून बाहेर आली. लहान वयात होतं असं काही कुत्र्यांना. गोचीड नाही, मस नाही. त्याच्या अंगाचाच भाग आहे."

"मंग इलाज?" शेठ एका पायावरून दुसऱ्या पायावर.

"पहिल्या दिवशीच आणला असता तर बोटाने दाबून आत सारून पाहिलं असतं. कधी बसते. आता सुजलीये, बसायची नाही. म्हणून दोनच वाटा. एक, कापून टाकायची. आज, इथेच. दवाखान्याची फी नावालाच, मलम आणि भुलीचं औषध बाहेरून आणावं लागेल, पाचसहा रुपयांत काम होईल. आठवडाभरात डोळा आरशासारखा दिसेल. दुसरी वाट, गाठ आत ढकलून टाका घालून बसवायची. वेळ लागतो, भूल जास्त द्यावी लागते. औषध औरंगाबादहून मागवायचं, कुत्रं इथे ठेवायचं, दोनतीन खेपा. पस्तीस-चाळीसच्या घरात जाईल. आणि टाका सुटला तर गाठ पुन्हा बाहेर. मी दोन कुत्र्यांना केलं, एकाचा टिकला, एकाचा सुटला."

"मंग कापायचंच की! स्वस्त बी, पक्कं बी. लोक टाका घालतातच कशाला?"

डॉक्टरने हात धुता धुता सांगितलं, "डोळा ओला ठेवणारी गाठ आहे म्हटलं ना? ती काढली की काही कुत्र्यांचा डोळा पुढे कोरडा पडतो. लगेच नाही. वर्षाने, दोन वर्षांनी. मग चिकटा धरतो, वर पडदा येतो. सगळ्यांना होतं असं नाही. पण मी पाहिलंय. याचे तर दोन्ही डोळे आहेत, म्हणून सांगतो."

शेठ बाहेर आले आणि दवाखान्याच्या आवारात चालू लागले. लिंबापासून फाटकापर्यंत, फाटकापासून लिंबापर्यंत. पुढे गावात लोक म्हणाले, वाण्याने चार पैसे वाचवले. ज्यांनी म्हटलं त्यांच्या जिभेला काही हाड नव्हतं. मी तिथे होतो. पैशाची थैली शेठने तेव्हाच माझ्या हातात दिली होती, "चाळीस काय, चारशे लागू दे" म्हणून. हिशेब पैशाचा नव्हताच. टाका घातला, भूल मागवली, खेपा झाल्या, टाका सुटला, पुन्हा घातला, तर पौष उलटून गेला असता. शिबिर गेलं असतं. माजींचा मोतीबिंदू पुढच्या हिवाळ्यापर्यंत थांबेल याची खात्री नव्हती, आणि माजींचं मन तर पुढच्या आठवड्यापर्यंतही थांबलं नसतं.

"रामकिसन," ते थबकले, "त्याचे डोळे पौषात चांगले दिसायला पाह्यजेत. बस्स."

"शेठ, डॉक्टर काय म्हणाले ते माजींना सांगा आधी," मी म्हणालो. "त्यांना कळू द्या."

"कळलं तर ती बसल का शिबिरात? सांगतो मी. शिबिर झालं की सांगतो." आणि ते आत गेले.

भुऱ्याच्या दोन्ही गाठी कापल्या. डॉक्टरने म्हटल्याप्रमाणे आठवड्याभरात डोळे लख्ख झाले. माजी रोज बोटाने कोपरे चाचपायच्या. काही लागेना. घुंगरू पुन्हा न थांबता स्थानकापर्यंत वाजत गेलं. त्या दिवशी त्या परत आल्या आणि म्हणाल्या, "हुकम, कधी जायचं जालन्याला?" शेठ दाराआड जाऊन रडले. मी पाहिलं, आणि नवल नको वाटायला म्हणून सांगतो, मीही रडलो.

शिबिरात शेठने डॉक्टरांना आधी विचारून घेतलं की रात्री पाणी न देता चालेल का. चालेल म्हणाले, फक्त हलायचं नाही. माजी दगडासारख्या पडून राहिल्या. खरी शिक्षा शेठला झाली. तिथल्या नर्सबाईने त्यांना चकरा मारतात म्हणून मंडपाबाहेर काढलं. पुढे जाड भिंगाचा चष्मा आला. माजींनी तो लावला, लेकाकडे पाहिलं, आणि पहिलं वाक्य बोलल्या, "किती काळा पडलास रे. जरा एका जागी उभा राह्य की, नीट पाहू दे मला." शेठला तेवढंही जमेना.

त्यानंतरचे दिवस मी त्या घरात पाहिलेले सगळ्यांत चांगले. माजी स्वतः गहू निवडायच्या, रस्त्यावरच्या माणसांना नावाने हाक मारायच्या, माझ्या सदऱ्याचं उसवलेलं दाखवायच्या. स्थानकात जाताना भुऱ्या तरीही पुढे. गरज उरली नव्हती, पण त्याला कोण सांगणार?

शेठने मात्र डॉक्टरचं ते बोलणं माजींना सांगितलं नाही. आज सांगतो, उद्या सांगतो. पुढचा उन्हाळा गेला, पाऊस गेला. त्यानंतरच्या उन्हाळ्यात मला एक गोष्ट खटकू लागली. शेठ सकाळी सगळ्यांच्या आधी मागच्या अंगणात जायला लागले होते. एकदा मी किल्ली मागायला गेलो, तर ते उकिडवे बसून धोतराच्या सोग्याने भुऱ्याच्या डोळ्यांतला पिवळा चिकटा पुसत होते. मला पाहून चपापले. "धूळ गेली व्हती," म्हणाले. मी किल्ली घेऊन मागे फिरलो. धूळ रोज जात नसते.

पण ज्या डोळ्यांसाठी हे सगळं केलं, त्या माजींच्या डोळ्यांना आता चांगलं दिसत होतं. माजींनी एका दुपारी भुऱ्याला उन्हात उभं केलं, चष्मा पुसून पुन्हा लावला आणि त्याच्या बुबुळांवर दुधाच्या सायीसारखा पडदा पाहिला. लेकाला हाक मारली नाही. मला म्हणाल्या, "मुनीमजी, बैलगाडी काढा. जालन्याला जायचं."

वाटेत एक मुक्काम करून पोचलो. तोच डॉक्टर होता. त्याने पाहिलं आणि मान हलवली. "कोरडे पडले. आता एरंडीचं शुद्ध तेल दिवसातून चारदा एकेक थेंब, कोमट पाण्याने पुसणं. जन्मभर. दिसणं परत यायचं नाही, पण टोचणं कमी होईल." आणि मग सहज, त्याच्या मनात काही नव्हतं, तो म्हणाला, "तुमच्या मुलाला मी तेव्हाच सांगितलं होतं, माजी. टाका घालून पाहायचा होता."

परतीच्या वाटेवर माजी गाडीत ताठ बसल्या होत्या. भुऱ्याचं डोकं मांडीवर, आणि त्यांचं बोट त्याच्या घुंगरावर. शेठला आधी जाऊन सांगावं असं मला वाटत होतं, पण बैलगाडीतून उडी मारून मी कुठे जाणार?

शेठ अडतीच्या दारात उभेच होते. आईच्या तोंडाकडे पाहिलं आणि त्यांना कळलं.

"तुला मालूम होतं," माजी म्हणाल्या. विचारलं नाही.

"बाई, पौष निघून चालला व्हता. तू बसली नसतीस. मी तुझ्यासाठी..."

"माझ्यासाठीच. मला कळतंय." त्यांचा आवाज खाली आला होता, तो मला ओरडण्याहून जड वाटला. "सौदा तुझा. नफा माझा. आन् घाटा त्यानं भरायचा, ज्याला कुणी विचारलंच न्हाई. मला विचारलं असतंस, हुकम. मी एक हिवाळा आंधळी राह्यले असते. मला सवय व्हती. त्याला कुठं सवय हाये?"

शेठ उभे होते. अगदी स्थिर. पाय हलत नव्हता, हात धोतराशी चाळा करत नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना असं पाहिलं आणि मला ते पाहवेना. त्यांच्याजवळ कुठलाच भाव विचारायला उरला नव्हता.

माजींनी तेलाची बाटली त्यांच्या हातात दिली. "चारदा. तूच घालायचं. बसून घालायचं."

तेव्हापासून दिवसातून चारदा माझ्या शेजारची ती गादी भरू लागली. शेठ मांडी घालून बसायचे, भुऱ्याचं डोकं मांडीवर घ्यायचे, थेंब टाकायचे आणि तो पापण्या मिटेपर्यंत हलायचे नाहीत. गिऱ्हाईक दारात उभं राहिलं तरी उठायचे नाहीत. आत किती तगमग होत असेल ते मला त्यांच्या कपाळावरच्या शिरेवरून कळायचं. उठले की पुन्हा तीच धावपळ. मुंबईहून आलेल्या प्रत्येक माणसाला विचारायचे, कुत्र्याचा कोरडा डोळा बरा करणारं कुणी आहे का, खर्चा काय येतो? नाही म्हटलं की दुसऱ्याला विचारायचे.

पहिला थेंब पडला त्याच्या दुसऱ्या सकाळी भुऱ्या नेहमीसारखा स्थानकाच्या वेळेला दारात येऊन उभा राहिला. माजी निघायच्या वेळी त्याला आधी निघायचं असतं, एवढं त्याला पक्कं माहीत होतं. त्याने पाऊल टाकलं आणि ओट्याच्या खांबावर तोंड आपटलं. तरी तो पुन्हा पुढे व्हायला धडपडू लागला.

माजी खाली वाकल्या. त्याच्या गळ्यातली दोरी सोडली, घुंगरू काढलं आणि आपल्या काठीला बांधलं. काठी जमिनीवर आपटली. घुंगरू वाजलं. भुऱ्याने कान टवकारले, मान वळवली आणि आवाजाच्या मागे उभा राहिला.

"चल," माजी म्हणाल्या. "आता मी पुढं."

त्या निघाल्या. समोर बैलगाडी आली तिथे त्या थांबल्या, आणि घुंगरू थांबलं तसा तोही थांबला. शेठ तेलाची बाटली हातात धरून दारातच उभे होते. दोघं गल्लीच्या वळणावर दिसेनासे झाले, घुंगराचा आवाजही गेला, तरी ते आत आले नाहीत.